भाजलेल्या अन्ननलिकेला नवं अस्तर कुठून येतं?

पहिल्या वर्षी मी संशोधनाचा प्रस्ताव लिहिला, त्यात उंदीर होते. उंदराची अन्ननलिका थोडी भाजायची, ती कशी भरून येते ते बघायचं. गाईड मॅडमनी वाचला आणि एवढंच विचारलं, "उंदराच्या अन्ननलिकेत त्या ग्रंथी असतात का?" मला उत्तर येत नव्हतं. घरी येऊन शोधलं. नसतात. प्रस्ताव तिथेच संपला. त्या प्रश्नात एवढं काय होतं, ते आज सांगतो.

आधी आजार समजून घेऊ. अन्ननलिकेचं आतलं अस्तर तोंडातल्या अस्तरासारखंच असतं, चपट्या पेशींचे थरावर थर. याला स्क्वॅमस म्हणतात. जठरातलं आम्ल वर्षानुवर्षं वर येत राहिलं, तर काही जणांत खालच्या भागातलं हे अस्तर जातं आणि त्याजागी उंच पेशींचं, आतड्यासारखं दिसणारं अस्तर येतं. हा बॅरेट्स इसोफॅगस. नॉर्मन बॅरेट या ब्रिटिश सर्जननी १९५० मध्ये यावर लिहिलं, तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की ही अन्ननलिका नाहीच, वर ओढलं गेलेलं जठर आहे. १९५७ पर्यंत त्यांनी मत बदललं. चुकीच्या निष्कर्षावरही नाव आपलं राहू शकतं, हे आपल्यासारख्यांना जरा दिलासा देणारं आहे!

बहुतेकांत हे अस्तर काही त्रास न देता तसंच राहतं. काहींत मात्र पेशी बिघडू लागतात (डिस्प्लेसिया), आणि तिथून कर्करोगाकडे वाट जाते. म्हणून डिस्प्लेसिया दिसला की ते अस्तर जाळतात. सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे रेडिओफ्रीक्वेन्सी ऍब्लेशन. एंडोस्कोपी करून इलेक्ट्रोड लावलेला फुगा आत नेतात आणि साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी खोलीपर्यंत उष्णता देतात. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १२७ रुग्णांची चाचणी आली. काहींना खरा उपचार, काहींना नुसता दिखाव्याचा. वर्षभरानंतर, तीव्र डिस्प्लेसिया असलेल्यांपैकी उपचार घेतलेल्या ८१ टक्के रुग्णांत तो नाहीसा झाला होता. दुसऱ्या गटात १९ टक्के. उपचार घेतलेल्या ६ टक्के रुग्णांची अन्ननलिका मात्र आकसली.

ही खोली नीट लक्षात ठेवा. जखम उथळ राहिली तर अस्तर भरून येतं. ती खोल गेली आणि नळीच्या पूर्ण घेरात पसरली, तर पेशींऐवजी तंतुमय ऊतक भरतं, नळी अरुंद होते आणि पोळीचा घासही अडकतो. दुसरी अट आम्लाची. बरं होण्याच्या काळात रुग्णाला आम्ल दाबणारी औषधं भरपूर मात्रेत देतात. आम्ल तसंच वर येत राहिलं, तर चांगलं अस्तर धरत नाही.

आता मूळ प्रश्न: नव्या पेशी येतात कुठून?

पहिला उगम सरळ आहे. जखमेच्या कडेला निरोगी स्क्वॅमस अस्तर असतं, तिथून पेशी आत सरकतात. पण बॅरेटच्या अस्तराच्या मधोमध, कडेपासून लांब, स्क्वॅमसची छोटी बेटं दिसतात. ती काही कडेवरून चालत आलेली नाहीत. मग एकतर अस्तराखालच्या श्लेष्म ग्रंथींच्या नलिकांमधून पेशी वर येत असतील, किंवा बॅरेटच्याच मूळपेशी रूप बदलत असतील. रुग्णाच्या दृष्टीने या दोन्हींत मोठा फरक आहे. दुसरं खरं असेल, तर वरून निरोगी दिसणाऱ्या अस्तरात जुनेच बिघडलेले जनुक बसलेले असतील.

यावर संशोधकांनी केलेली युक्ती मला फार आवडते. बॅरेटच्या पेशींत पी१६ आणि पी५३ या जनुकांत उत्परिवर्तनं असतात. शेजारच्या बेटात तीच आहेत का, ते तपासायचं. बहुतेक बेटांत ती नव्हती, म्हणजे ती बॅरेटमधून आलेली नव्हती. अपवाद सापडला, आणि तोही विसरून चालत नाही. शिवाय काही बेटं थेट ग्रंथींच्या नलिकांना जोडलेली दिसली आहेत.

म्हणून मॅडमचा तो प्रश्न! उंदरांत या ग्रंथीच नाहीत, त्यामुळे त्यांच्यात हा मार्ग कधी दिसणारच नाही. डुकरांत त्या आहेत. डुकराच्या अन्ननलिकेला ऍब्लेशनची जखम केली, तर ग्रंथींतल्या पेशी विभागू लागतात आणि नलिकेसारखं रूप घेतात, हे दिसलं आहे. डुकरं महाग पडतात, त्यांना जागा लागते, भूल देणं कटकटीचं. तरी या प्रश्नासाठी तोच प्राणी.

नवं अस्तर आलं म्हणजे सगळं झालं असंही नाही. त्याच्या पेशींमधल्या फटी रुंद राहतात, क्लॉडिन-४ हे सांधणारं प्रथिन कमी असतं, त्यामुळे आम्ल आत झिरपायला वाव मिळतो. आणि कधी कधी नव्या अस्तराखाली बॅरेटच्या ग्रंथी गाडलेल्या राहतात. त्या वरून दिसत नाहीत. बायोप्सीचा चिमटा बऱ्याचदा तेवढा खोल जात नाही, त्यामुळे "गाडलेल्या ग्रंथी आढळल्या नाहीत" असं वाचलं की मी आधी नमुन्यात अस्तराखालचा थर आला होता का, ते शोधतो. माझ्या नव्या प्रस्तावात डुकरं आहेत, आणि हा रकानाही.