दुर्मिळ नाणे आणि एक अक्षर

नाणकशास्त्रात ‘दुर्मिळ’ हे विशेषण सर्रास योजले जाते. परंतु दुर्मिळता नेमकी कशाने निर्माण होते, याचा विचार क्वचितच केला जातो. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन सुवर्णनाणी या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

१८२२ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाच डॉलरची, म्हणजे ‘हाफ ईगल’ जातीची, १७,७९६ नाणी पाडल्याची नोंद आहे. त्यांपैकी आज केवळ तीन ज्ञात आहेत. उलट १८५४ साली सॅन फ्रान्सिस्को येथील नव्या टांकसाळीत याच जातीची अवघी २६८ नाणी पाडण्यात आली. त्यांपैकी चार ज्ञात आहेत. तेव्हा दुर्मिळता किती नाणी पाडली यावर नव्हे, तर किती उरली यावर अवलंबून असते.

१८२२ च्या नाण्यांचा नाश आर्थिक कारणाने झाला. १७९२ च्या कायद्याने सोन्याचे मोल चांदीच्या पंधरापट ठरविले होते. युरोपात ते त्याहून अधिक होते. साहजिकच ही नाणी परदेशी गेली आणि मुशीत वितळली. १८३४ च्या कायद्याने नाण्यातील सोने कमी केल्यावरच हा ओघ थांबला.

नंतरच्या नाण्यांच्या बाबतीत संग्राहकांची दृष्टीही कारणीभूत झाली. १८३८ पासून शार्लट, डॅलोनेगा व न्यू ऑर्लीन्स, १८५४ पासून सॅन फ्रान्सिस्को आणि १८७० पासून कार्सन सिटी येथील नाण्यांवर त्या त्या टांकसाळीचे आद्याक्षर उमटू लागले. परंतु संग्राहक वर्ष तेवढे पाहत. त्या वर्षाचे फिलाडेल्फियाचे एक नाणे मिळाले की त्यांचे समाधान होई. या अक्षरांचे महत्त्व ऑगस्टस हीटन यांनी १८९३ मध्ये आपल्या पुस्तिकेत विशद केले. तोवर अनेक नाणी व्यवहारात झिजून गेली होती.

हे अक्षरही वर्षासह वाचावे लागते. १८६१ पर्यंतच्या नाण्यावरील ‘डी’ डॅलोनेगाचा, तर १९०६ पासूनचा ‘डी’ डेन्व्हरचा होय. चिन्हाचा अर्थ संदर्भाने ठरतो, हे भाषेतील तत्त्व येथेही लागू पडते.

भेद अर्थपूर्ण मानला गेला की तो जपला जातो. एप्रिल १९३३ च्या आदेशाने अमेरिकन नागरिकांना आपले सोने जमा करावे लागले. मात्र संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मोल मान्य झालेली नाणी त्यातून वगळण्यात आली. एकेकाळी दुर्लक्षित राहिलेले अक्षर आता नाण्याला मुशीपासून वाचवू शकत होते.