विश्लेषण : कर्करोगाच्या उपचारांचा विमा दावा फेटाळला, पुढे काय?

केमोथेरपीची तारीख ठरलेली असते आणि ऐन वेळी रुग्णालयाच्या विमा कक्षातून निरोप येतो, 'कॅशलेस नामंजूर'. अनेक कुटुंबे इथेच हात टेकतात. ठेवी मोडून बिल भरतात आणि विम्याचा विषय सोडून देतात. मात्र कॅशलेसला नकार म्हणजे दाव्याला नकार नव्हे. बिल भरून नंतर प्रतिपूर्ती मागता येते. त्यासाठी मूळ बिले, डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीचा अहवाल जपून ठेवावा लागतो.

'आजार आधीपासून होता' म्हणजे काय?

सर्वाधिक कटकटीचे कारण हेच. पहिल्या तपासणीत डॉक्टर विचारतात, 'गाठ कधीपासून आहे?' घाबरलेला रुग्ण अंदाजाने 'दोन-तीन वर्षे' म्हणतो, तसे केस पेपरवर लिहिले जाते आणि पुढे तीच ओळ कंपनीचा पुरावा ठरते. नियामक 'इर्डा'च्या व्याख्येनुसार मात्र पॉलिसी घेण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार दिला गेला, तोच आजार पूर्वीचा मानला जातो. नुसती गाठ जाणवणे यात बसत नाही. त्यामुळे निदान नेमके कधी झाले, हे सांगणारे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र आणि बायोप्सीची तारीख हीच रुग्णाची खरी ढाल.

पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल तर माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. २०२४ पर्यंत ही मुदत आठ वर्षांची होती. कंपनी बदलून पोर्ट केलेल्या पॉलिसीची आधीची वर्षेही यात धरली जातात. हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

नव्या औषधांचे काय?

इम्युनोथेरपीची इंजेक्शने आणि तोंडावाटे घ्यायची केमोथेरपी विम्यातून वगळता येणार नाही, असे 'इर्डा'ने २०१९ मध्येच सांगितले. खर्चाची उपमर्यादा घालण्याची मुभा मात्र कंपन्यांना आहे, म्हणून पॉलिसीतील तो तक्ता आधी वाचावा. दाखल न होता दुकानातून आणलेल्या गोळ्यांना कंपन्या 'ओपीडी' म्हणतात आणि तिथे बाजू कमकुवत होते. 'औषध प्रायोगिक आहे' असा शेरा असेल, तर ते या आजारासाठी देशात मंजूर आहे आणि राष्ट्रीय कर्करोग ग्रिडच्या उपचार मार्गदर्शिकेत आहे का, हे डॉक्टरांकडून लेखी घ्यावे.

दाद कुठे मागायची?

आधी नकार लेखी मागावा. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा आढावा समितीच्या मंजुरीशिवाय दावा फेटाळता येत नाही आणि पॉलिसीतील नेमके कलम कळवावे लागते. 'अटींनुसार ग्राह्य नाही' एवढे मोघम उत्तर पुरेसे नाही. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करावा. 'विमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार करता येते, पण तिथे निवाडा होत नाही. तक्रार कंपनीकडेच जाते.

कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपाल. राज्यात मुंबई व पुणे येथे ही कार्यालये आहेत, तक्रार ऑनलाइनही होते. शुल्क नाही, वकील लागत नाही. अट इतकीच की कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षभरात यावे, रक्कम ५० लाखांपर्यंत असावी आणि तेच प्रकरण न्यायालयात वा ग्राहक आयोगात चालू नसावे. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ३० दिवसांत पाळला नाही तर तक्रारदाराला दिवसाला ५ हजार रुपये द्यावे लागतात.

लोकपालांचा निवाडा तक्रारदाराला मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो. तिथे मुदत दोन वर्षांची आहे आणि शुल्क दाव्याच्या रकमेवर नव्हे, तर भरलेल्या हप्त्यावर मोजले जाते. हप्ता ५ लाखांपर्यंत असेल तर ते शून्य.