डब्यातील श्रावणघेवडा

शाळेला इमारत आहे, पण भोवती वाफा काढण्याइतकी जमीन नाही, ही अडचण शहरांत तर आहेच. कातळावर अथवा मुरमाड माळावर वसलेल्या गावांतही ती आढळते. केंद्र शासनाने २०१९ साली शालेय पोषण परसबागांविषयी ज्या मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या, त्यांत अशा ठिकाणी कुंड्या व डबे यांचा उपयोग करण्याचे सुचविण्यात आले आहे. सूचना व्यवहार्य आहे. परंतु मोठ्या उत्साहाने भरलेले डबे महिनाभरात ओस पडावेत आणि मुलांनी त्यांच्याकडे फिरकू नये, असेही पुष्कळदा घडते. याच्या मुळाशी बहुधा दुर्लक्ष नसून पाण्याचा अतिरेक असतो.

नवशिक्याने आरंभ श्रावणघेवड्यापासून, म्हणजेच फरसबीपासून, करावा. त्याच्या झुडपी जाती आधारावाचून वाढतात व सुमारे पन्नास-साठ दिवसांत शेंगा देऊ लागतात. फुलांत स्वपरागीभवन होत असल्यामुळे मधमाशा न फिरकणाऱ्या सज्जातही शेंगा धरतात. जूनअखेर पेरणी केल्यास ऑगस्टअखेरपर्यंत तोडणी सुरू होते. दिवाळीच्या सुटीपूर्वी पीक हाती येते, ही शाळेच्या दृष्टीने मोठीच सोय होय. दिवाळीनंतर दुसरी पेरणी करता येते. तापमान ३२ अंशांच्या वर गेले की फुले गळतात. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात या पिकाचा हट्ट धरू नये. तेथे गवार अथवा चवळी अधिक बरी.

पंधरा किलो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा तीन रोपांना पुरतो. कीटकनाशकाचे डबे कितीही धुतले तरी वापरू नयेत. तळाला बोटाएवढी पाच-सहा छिद्रे पाडून डबा दोन विटांवर ठेवावा, अन्यथा छिद्रे असूनही पाणी निघत नाही. नुसती काळी माती भरणे ही तर देशावर सर्रास होणारी चूक आहे. ती ओली असता फुगून हवा कोंडते आणि वाळली की भेगाळते. पोयट्याची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा अथवा जाड वाळू समभाग घ्यावी. डब्याला रोज सहा तास तरी ऊन मिळावे.

बी रात्रभर भिजत घालण्याची अनेकांना सवय असते. घेवड्याचे बी मात्र पाणी झपाट्याने शोषते व त्याची डाळ फुटते; कोरडेच बी बोटाच्या एका पेराइतके खोल टोकावे. एकदा पाणी दिल्यावर अंकुर दिसेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, माती वरून सुकल्याखेरीज पुन्हा पाणी देऊ नये. पुढेही बोट मातीत खुपसून पाहावे. पेरभर खोलीपर्यंत कोरडे लागले तरच पाणी द्यावे. बाजारातील रंगीत बियाण्यास बहुधा बुरशीनाशक चोळलेले असते. ते मुलांच्या हाती देताना शिक्षकांनी जवळ राहावे व नंतर हात धुवून घ्यावेत.

शेंगवर्गीय पीक हवेतील नत्र घेते, म्हणून त्याला खत नको, असे पाठ्यपुस्तकावरून वाटते. हे घेवड्यास अर्धेच लागू पडते. त्याच्या मुळांवरील गाठी तूर-चवळीच्या मानाने दुबळ्या असतात. पेरणीपूर्वी बियाण्यास रायझोबियम जिवाणू संवर्धक चोळावे (बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यास चोळल्यास जिवाणू मरण्याचा संभव असतो) आणि कळ्या दिसू लागताच ओंजळभर गांडूळखत द्यावे. युरियाने पाने माजतात, शेंगा कमी लागतात. तोडणी संपल्यावर रोप उपटून गाठ कापून दाखवावी. आतून गुलाबी असल्यास ती कार्यक्षम होती असे समजावे.

मावा दिसल्यास निंबोळी अर्क पुरेसा होतो. त्यासाठी पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी व सायंकाळी फवारावी. पाने ओली असता रोपांना हात लावू नये. करपा व तांबेरा हातांवाटेच पसरतो.

शेंगा कोवळ्या असतानाच दोन-तीन दिवसांआड तोडाव्यात. झाडावर जून झाल्या की नवी फुले येणे थांबते. वाळलेले दाणे कच्चे खाल्ल्यास उलट्या होतात, ते भिजवून व चांगले उकळूनच खावेत. एका रोपावरील शेंगा मात्र तशाच वाळू द्याव्यात. सरळ जातीचे बी बहुधा मूळ गुणाचेच निघते. ते राखेत मिसळून बाटलीत बंद ठेवले म्हणजे पुढील जूनसाठी बियाणे विकत घ्यावे लागत नाही.