आधी पाणी धरा, मग बुरशी

आंबोली-आजऱ्याला कोसळतो तसा पाऊस गडहिंग्लजला नसतो. पण तिकडून येणारी हिरण्यकेशी जुलैत तुडुंब भरते आणि इकडची हवाही ओलीचिंब होते. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी रुसते, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढुरका थर चढतो. पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसले की बहुतेक घरांत फडकं आणि ब्लीच निघतं.

शेजारच्या काकींनी मात्र गवंड्याला बोलावलं. गवंडीमामा आले आणि त्यांनी आधी भिंतीला नख लावलं. जोत्याच्या वर हातभर उंचीवर पांढरा चुरा होता. तो बोटावर घेऊन त्यांनी पाण्याच्या थेंबात घातला, विरघळला. “ह्यो लोणा हाय. बुरशी न्हवं.” जमिनीतलं पाणी विटांतून वर चढतं, पृष्ठभागावर सुकतं आणि त्यातले क्षार मागे राहतात. ते कितीही खरवडले तरी पाणी चढतंय तोवर पुन्हा येणारच. वरच्या कोपऱ्यातले काळे ठिपके मात्र बोटाला माखले. ती बुरशी.

मग मामांनी त्या ठिपक्यांशेजारी हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून बसवला. तसाच एक स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले होते, म्हणजे ओल भिंतीतून येत होती. बाहेर जाऊन पाहिलं तर पन्हळाचा सांधा सुटलेला, आणि पागोळ्यांचं पाणी गिलाव्याच्या भेगेत मुरत होतं. दुसरा कागद मात्र खोलीच्या बाजूने दमट होता. तिथे भिंतीचा दोष नव्हता. खिडक्या बंद, आत दोरीवर ओले कपडे आणि शेजारी कुकरची वाफ. ते बाष्प बाहेरच्या गार भिंतीवर बसत होतं.

बुरशीचे बीजाणू सगळीकडेच असतात, त्यांना घराबाहेर ठेवता येत नाही. धूळ, लाकूड, कागद, रंग असं खाणंही घरात भरपूर. त्यांना अडवायचं तर पाणीच तोडावं लागतं, कारण पृष्ठभाग एक-दोन दिवस ओला राहिला तरी त्यांचं भागतं. जुन्या मातीच्या घरांत चुन्याचा हात असे. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी, बुरशीला न मानवणारा, आणि त्यातून भिंतीतली वाफ बाहेर पडे. त्यावर ऑइलपेंट चढला की ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात.

मामांनी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायला लावलं. कपडे सोप्यात, स्वयंपाक चालू असताना एक्झॉस्ट फॅन चालू, उघडीप मिळाली की खिडक्या सताड उघड्या. ठिपके कोरडे झटकायचे नाहीत, बीजाणू उडतात. ओल्या फडक्याने पुसायचे. ब्लीच वापरलंच तर संडास धुण्याच्या अ‍ॅसिडशी त्याची गाठ पडू द्यायची नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

डब्यांनाही पाणी तोडण्याचा हाच नियम. संकेश्वरी मिरची मे महिन्यात देठ कटकन मोडेल इतकी वाळली, तरच वर्षाची चटणी टिकते. नंतर तिला ओला चमचा लागता कामा नये. बुरसलेल्या शेंगा भाजून खायच्या नाहीत, टाकून द्यायच्या. त्यांत अफ्लाटॉक्सिन असू शकतं आणि ते भाजल्याने पुरतं जात नाही.

काकींनी दिवाळीच्या रंगाचं विचारलं. मामा म्हणाले, “भिंत अजून वल्ली असतीया तवा. पैसं पन्हळाला घाला, रंग उन्हाळ्यात.” सणासाठी आपण घर नेमकं तेव्हाच रंगवतो, जेव्हा चार महिन्यांचं पाणी पिऊन भिंत अजून सुकलेली नसते. बुरशीचा निम्मा बंदोबस्त हे वेळापत्रक बदलण्यात आहे: पन्हळ, कौलं आणि भेगा एप्रिलात, भिंत सुकली की मगच रंग.