वन्य पशुपक्ष्यांचीं छायाचित्रें आणि संस्काराची मर्यादा

चित्रकारानें वाघ काढला, तर पाहणारा त्यांत चित्रकाराची कल्पना शोधतो. पण छायाचित्रांतील वाघ पाहतांना तो मनाशीं म्हणतो, ‘असा वाघ अशा जागीं खरोखर उभा होता.’ हा विश्वास हेंच वन्यजीवनाच्या छायाचित्राचें खरें भांडवल होय. संगणकावर चित्र हवें तसें बदलण्याची सोय झाल्यापासून हें भांडवल उधळलें जाण्याचा धोका वाढला आहे. म्हणून चित्रावर संस्कार करावे कीं नाहीं, हा प्रश्न नसून ते कोठें थांबवावे, हा खरा प्रश्न आहे.

संस्कार मुळींच नकोत, हा आग्रह मात्र अज्ञानाचा ठरेल. कॅमेऱ्यानें टिपलेली कच्ची नोंद स्वभावतःच फिकी व सपाट असते. दाट झाडीखालीं पानांवरून आलेल्या प्रकाशानें हरणाच्या अंगावर हिरवट छटा पडते. भिंगामागील धुळीचा कण आकाशांत डाग होऊन बसतो. ही छटा सौम्य करणें, डाग पुसणें, उजेडाचा तोल सांभाळणें, कडा थोड्याशा छाटणें, यांत लबाडी नाहीं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडून भरविल्या जाणाऱ्या, १९६५ मध्यें सुरू झालेल्या प्रसिद्ध स्पर्धेंतही एवढी मोकळीक आहे. पण चित्रांत नसलेला प्राणी घालणें अथवा असलेला काढणें तेथें निषिद्ध असून, अंतिम निवडीपूर्वीं मूळ कच्ची नोंद तपासली जाते.

हा निर्बंध कशासाठीं, तें उदाहरणांनीं कळेल. चास पक्ष्याच्या पंखांतील निळाई रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेंतून प्रकाश विखुरल्यानें दिसते. ती भडक केली, कीं पिसांतील रेषा बुडतात आणि निळ्या रंगाचा नुसता लेप उरतो. पर्णवटवट्यांच्या जाती तर पिवळसरपणाच्या किंचित् फरकानें आणि पंखावरील अस्पष्ट पट्टीनें ओळखाव्या लागतात. तेथें रंग वाढविणें म्हणजे पक्ष्याची जातच बदलणें होय. कडा फाजील तीक्ष्ण केल्या, कीं केसांभोंवतीं पांढरी रेघ उमटते. आणि चित्रांतील दाणे घालविण्याच्या भरांत अंगावरची लव मेणासारखी गुळगुळीत होते.

वाघाच्या बाबतींत हानि याहून मोठी आहे. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. ताडोबासारख्या जंगलांत लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या चित्रांतील पट्टे जुळवूनच एक वाघ दुसऱ्यापासून वेगळा ओळखतात, आणि व्याघ्रगणनेचा मोठा आधार तोच असतो. एखाद्या हौशी छायाचित्रकारानें वाघाच्या कुशीवर आलेली गवताची काडी पुसून त्या जागीं यंत्राकडून पट्टे भरून घेतले, तर चित्रांतील तो वाघ पृथ्वीवरील कोणत्याच जंगलांत नसतो!

अतिरेकाचा शेवट कोठें होतो, हें स्वीडनमध्यें दिसून आलें. २०१० सालचा उत्कृष्ट निसर्ग-छायाचित्रकार म्हणून सरकारी पर्यावरण खात्यानें गौरविलेल्या एका गृहस्थाचें बिंग २०११ मध्यें फुटलें. जुलैमध्यें टिपल्याचें सांगितलेल्या एका चित्रांत लिंक्स या मार्जारकुळांतील प्राण्याच्या अंगावर हिवाळ्याची दाट लव असल्याचें जाणकारांच्या ध्यानीं आलें. प्राणी दुसऱ्याच चित्रांतून उचलून चिकटविलेला होता. असा मनुष्य पुढें एखाद्या दुर्मिळ प्राण्याचें अस्सल चित्र घेऊन आला, तरी त्यावर कोण विश्वास ठेवणार?

म्हणून सुज्ञ छायाचित्रकारानें मूळ नोंद सदैव जपून ठेवावी. फेरफार करण्याचा जितका मोह होईल, त्याच्या निम्म्यावर हात आवरावा. चित्र एक रात्र तसेंच ठेवून सकाळीं ताज्या नजरेनें मूळ नोंदीशेजारीं पाहावें. मोठा बदल केलाच, तर चित्राखालीं तसें स्पष्ट लिहावें. आड आलेली फांदी मात्र आड येऊं द्यावी. ती त्या प्राण्याच्या घराचाच भाग असते. आणि ती कोणाला नकोच असेल, तर त्यानें ती पुसण्याऐवजीं दुसऱ्या दिवशीं पहाटे पुन्हां जंगलांत जावें.