कोहक्याचे मूल कुणाच्या खात्यात?

मुंबई-हावडा रेल्वेमार्गाच्या दक्षिणेला भिलाई पोलाद कारखान्याची वसाहत आहे आणि उत्तरेला, सुपेल्याचा बाजार ओलांडल्यावर, कोहका. वसाहतीतले सेक्टर सोव्हिएत सहकार्याच्या काळात आखले गेले. रुंद रस्ते, झाडी, शाळा आणि सेक्टर नऊचे मोठे रुग्णालय असा सारा सरंजाम १९५५ च्या करारामागोमाग उभा राहिला. कोहका कुणी आखला नाही. मूळचे हे गाव. कारखान्याभोवती शहर पसरत गेले तसे ते शहरात ओढले गेले आणि भिलाई महापालिकेच्या हद्दीत आले. ज्याला कारखान्याची कायम नोकरी व क्वार्टर मिळाले तो सेक्टरात राहिला. ज्याला मिळाले नाही तो रेल्वेच्या या बाजूला. नियमित कामगारांची संख्या घटत आणि कंत्राटी कामगारांची वाढत गेली, तशी ही बाजू अधिकाधिक दाट झाली. छत्तीसगडी, ओडिया, बिहारी, तेलुगू अशा या सरमिसळीत विदर्भातून त्याच रेल्वेने आलेली मराठी कुटुंबेही आहेत. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूरच होती, तेव्हा त्यात नवल नाही.

बालकांच्या आरोग्याविषयी राज्य सरकारचे धोरण तपासायचे तर कोहक्यासारखी जागा सोयीची आहे, कारण इथे ते धोरण नेमके कुठे संपते हे दिसते.

छत्तीसगडला या बाबतीत सरसकट मागास ठरवणे अन्यायाचे होईल. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य जन्मले तेव्हा डॉक्टर अपुरे होते आणि दुर्गम वस्त्या अगणित. २००२ मध्ये अजित जोगी यांच्या सरकारने मितानीन कार्यक्रम सुरू केला. मितानीन म्हणजे विधीपूर्वक बांधलेल्या मैत्रीतली सखी; नात्याचा हा छत्तीसगडी शब्द सरकारी योजनेला लाभला हेच त्या योजनेचे अर्धे यश. प्रत्येक पाड्याने आपली एक बाई निवडायची, तिला प्रशिक्षण द्यायचे, तिने घरोघर जाऊन नवजात बाळ, लसीकरण, जुलाब, ताप यांकडे लक्ष द्यायचे. पहिल्या काही वर्षांतच अशा सुमारे ६० हजार स्त्रिया उभ्या राहिल्या. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाची 'आशा' आली, तिच्यामागे हाच अनुभव होता. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच प्रशिक्षित बाईकडून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेता येते हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मधून दाखवून दिले होते, त्याचाही यात वाटा होता. विशेष म्हणजे २००३ मध्ये सत्ता बदलली तरी भाजपच्या रमणसिंह सरकारने मितानीन मोडली नाही. आधीच्या सरकारची योजना पुढच्याने चालू ठेवल्याची उदाहरणे आपल्याकडे मोजकीच आहेत.

परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये राज्यातील पाच वर्षांखालील ५२.९ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ३७.६ टक्क्यांवर आले. नंतरच्या पाच वर्षांत मात्र ते जेमतेम ३४.६ पर्यंत उतरले. त्याच पाच वर्षांत रक्तक्षयी मुलांचे प्रमाण ४१.६ वरून ६७.२ टक्क्यांवर चढले. पाहणीचा काही भाग महासाथीच्या काळातला आहे हे लक्षात घेतले, तरी एवढी उसळी नुसत्या सबबीने झाकली जात नाही. घरोघर जाऊन जे साधता येण्याजोगे होते ते बरेचसे साधले गेले. पुढचे काम वेगळ्या प्रकारचे आहे आणि त्याला हात घालण्यास कोणतेही सरकार फारसे राजी दिसत नाही.

हे काम म्हणजे तीन वर्षांखालच्या मुलाला दिवसभर सांभाळणारे माणूस.

बांधकामावर जाणाऱ्या बाईला इथे, विदर्भातल्यासारखेच, 'रेजा' म्हणतात. रेजा सकाळी घर सोडते ती संध्याकाळी परतते. गावात सासू असते, जाऊ असते, शेजारची काकी असते. कोहक्यासारख्या वस्तीत भाड्याच्या एका खोलीतल्या कुटुंबाला यांपैकी कुणी नसते. मग मूल एक तर कामावर विटांच्या ढिगाशेजारी, नाही तर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, आणि त्या बहिणीची शाळा बुडते ती वेगळीच. अंगणवाडीत तीन वर्षांपुढचे मूल जाऊन बसते, तेही दुपारपर्यंत. त्याआधीच्या मुलासाठी धोरण आहे ते पुडीचे: घरी न्यायचा कोरडा आहार, ज्याला इथे 'रेडी टू ईट' म्हणतात. सहा महिन्यांच्या मुलाला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवावे लागते. पुडी घरी आहे आणि भरवणारी कामावर, हे गणित कुठल्याही फायलीत मांडलेले आढळत नाही.

राजकारण रंगले ते मात्र याच पुडीवरून. २०२१ च्या अखेरीस भूपेश बघेल सरकारने तिचे उत्पादन महिला बचतगटांकडून काढून राज्य बीज निगमाकडे दिले; गट न्यायालयात गेले; २०२३ मध्ये सत्तेवर आलेल्या विष्णुदेव साय सरकारने ते टप्प्याटप्प्याने पुन्हा गटांकडे सोपवण्याचे ठरवले. त्याआधी २०१९ मध्ये मुलांना अंडे द्यावे की नाही यावर विधानसभा तापली होती. ही भांडणे निरर्थक नव्हती. अंड्याचा प्रश्न तर पोषणाचाच होता. पण दोन्ही वेळा वाद मुलाच्या पानात काय पडावे आणि ते कोणी पुरवावे एवढ्यावरच थांबला.

उत्तर याच राज्यात सापडले होते. बिलासपूरजवळ गनियारीच्या जनस्वास्थ्य सहयोगाच्या डॉक्टरांनी जंगलातल्या गावांत 'फुलवारी' नावाची पाळणाघरे चालवली. सहा महिने ते तीन वर्षांची मुले, गावातलीच सांभाळणारी बाई, दिवसभरात गरम खाणे आणि खेळ. २०१२ च्या सुमारास सरगुजा जिल्ह्यात सरकारने हाच नमुना उचलला. मितानिनीच्या मदतीने आयाच आळीपाळीने मुले सांभाळू लागल्या. योजना पुढे पसरली ती आदिवासी विकासखंडांत. कर्नाटकानेही २०२३ मध्ये 'कूसिन मने' ही पाळणाघरे आणली ती ग्रामपंचायतींतच. शहरातली मजूर आई यांपैकी कुठल्याच नकाशावर नाही. केंद्राची 'पालना' योजना २०२२ पासून अंगणवाडीला पाळणाघर जोडू पाहते, ती शहरालाही लागू आहे. पण देशभरासाठी ठरवलेले लक्ष्य सतरा हजारांचे आणि अंगणवाड्या सुमारे चौदा लाख. २०१७ च्या मातृत्वलाभ दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून अधिक नोकरदार असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे केले, ठेकेदाराच्या हजेरीपटावर मात्र तेवढी माणसे एका जागी क्वचितच सापडतात.

सांभाळणे म्हणजे केवळ भरवणे नव्हे, याला पुरावा जमैकातून आला. किंग्स्टन शहरात १९८० च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर प्रयोग केला. काहींना पूरक आहार दिला, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका जाऊन आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवू लागली. दोन वर्षे हे चालले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा खेळाचा लाभ मिळालेल्यांची कमाई उरलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती. नुसत्या आहाराचा असा दीर्घ परिणाम दिसला नाही. वजनाच्या काट्यावर जे उमटत नाही, त्याची किंमत ही अशी वीस वर्षांनी कळते.

आणि खेळायला आईचे मन ठिकाणावर हवे. बाळंतपणानंतरचे नैराश्य हा शहरी सुखवस्तू बायकांचा आजार, असा समज अधिकारीवर्गातही आहे. रावळपिंडीच्या खेड्यांत अतीफ रहमान यांनी सामान्य आरोग्यसेविकांना बोलण्याचे साधे तंत्र शिकवले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनंतर नैराश्य टिकून राहिलेल्या मातांचे प्रमाण ५३ टक्क्यांऐवजी २३ टक्के होते. गोव्यातही पुढे अशीच चाचणी झाली. तिथे हे काम प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक स्त्रियांनी केले. मानसोपचारतज्ज्ञ लागला नाही. मितानीन हे करू शकेल यात शंका घेण्याचे कारण नाही. आज तिच्या हाती वजन आणि लसीकरणाची नोंद आहे. आईला झोप लागते का, रडू येते का, हे विचारण्याची ओळ नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचे मूल सहसा तोडू नये असे बजावले आहे. पण भिलाईहून बिलासपूरजवळच्या सेंदरीच्या मनोरुग्णालयापर्यंत पोचते ती फार थोड्या आयांची गोष्ट; बाकीच्यांचे दुखणे खोलीतच राहते.

अडचण पैशांची आहे, तशी खात्यांचीही. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, मितानीन आरोग्य विभागाची, पाण्याचा नळ आणि गटार महापालिकेचे, ठेकेदारावरचा अंमल कामगार विभागाचा. तीन वर्षांखालचे मूल या चौघांच्या मधल्या जागेत राहते. अंगणवाडी सेविकांनी २०२३ मध्ये संप केला आणि मानधन साडेसहा हजारांवरून दहा हजारांवर नेले, कारण त्या संघटित आहेत आणि मतदार आहेत. भाड्याच्या खोलीतल्या रेजाचे मतदारयादीत नाव असते ते बहुधा गावाकडे.

दुसऱ्या बाजूच्या काळजीसाठी कामगारांनी एकदा स्वतः उपाय काढला होता. कारखान्याच्या लोहखाणी असलेल्या दल्लीराजहऱ्यात कामगार संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात उपचाराअभावी दगावल्या. त्यानंतर शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली कंत्राटी खाणकामगारांनी वर्गणी आणि श्रमदान करून शहीद रुग्णालय बांधले. १९८३ पासून ते चालू आहे. नियोगींची हत्या झाली ती भिलाईतच, २८ सप्टेंबर १९९१ रोजी. सेक्टरांच्या उत्तरेला तशी संघटना पुन्हा उभी राहिली नाही.

२०२४ मध्ये केंद्राने 'नवचेतना' हा जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा आराखडा काढला. जमैकाच्या प्रयोगातून जे शिकायचे ते त्यात आहे: महिन्यागणिक खेळ, गाणी, बोलणे. सारी भिस्त सेविकेच्या गृहभेटीवर. सेविकेची गृहभेट अंगणवाडीच्या कामाच्या वेळेत, म्हणजे दिवसा होते. रेजाच्या खोलीला तेव्हा कुलूप असते.