वाडीचा इतिहास लिहिताना

दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत आपल्या वाडीचा इतिहास लिहून काढावा असे ठरले आणि ते काम आम्हांकडे आले. आम्ही बँकेत कारकून. कला शाखेची पदवी घेतली त्यालाही वीस वर्षे होऊन गेली. तरी उत्साहाने चाळीस पाने लिहिली व वाडीतील एका वयोवृद्ध उपासकांना वाचून दाखविली. महाडचा सत्याग्रह, येवल्याची घोषणा, नागपूरची दीक्षा, सारे काही त्यात होते. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "हे सगळं पुस्तकात आहेच की. ह्यात आपली वाडी कुठाय?"

ती चाळीस पाने बाजूला ठेवली. त्यानंतर चुकत-माकत जे शिकलो ते येथे मांडत आहोत. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम पुढे नेईल अशी आशा आहे.

राजे, लढाया, कायदे, परिषदा यांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. माणसे काय खात होती, मुलांची नावे काय ठेवीत, कशाला भीत, लग्नात काय गात, पोटासाठी हातांनी काय घडवीत, याचा इतिहास तो सांस्कृतिक इतिहास. त्याची साधने फार दूर नसतात. गावच्या शाळेचे जनरल रजिस्टर घ्या. जुन्या पानांवर आपल्या मुलांची नावे दगडू, धोंडू, भिकू अशी सापडतात. १९५६ नंतरची पाने उलटत गेले की गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता अशी नावे येऊ लागतात. जातीच्या रकान्यातही 'महार' जाऊन पुढे 'नवबौद्ध', 'बौद्ध' असे शब्द येतात. धर्मांतर घरात कसे शिरले हे त्या नावांवरून जितके कळते तितके एखाद्या भाषणावरून कळत नाही.

आमच्या नोकरीत व्हाउचरशिवाय नोंद होत नाही. किर्दीत रक्कम आली की ती कोणत्या कागदावरून आली हे दाखवावे लागते. हीच शिस्त येथे लावली. वहीत तीन रकाने केले : काय ऐकले व कोणाकडून, काय डोळ्यांनी पाहिले, आणि आमचा तर्क काय. प्रथम कंटाळा येतो, पण हे तिन्ही एकत्र मिसळले की पुढे आपले आपल्यालाच वेगळे करता येत नाहीत. तर्क करूच नये असे मात्र नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवर ग्रंथ लिहिला तेव्हा प्रस्तावनेत हाच प्रश्न घेतला आहे. दुवे तुटलेले असतील तर अभ्यासकाने हात जोडून बसावे काय? तर्काने दुवा सांधावा, पण तो तर्क आहे हे लपवू नये, असे आम्ही त्यातून घेतले.

छापील कागदही डोळे मिटून मानू नये. मुंबई सरकारने १८८० साली रत्नागिरी व सावंतवाडीचे गॅझेटियर छापले. त्यात आपल्या लोकांविषयी मजकूर आहे, पण तो साहेबाच्या कचेरीतून पाहिलेला. याच जिल्ह्यात दापोलीस लष्करी पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर राहत होते. त्यांनी १८८८ साली अस्पृश्यतेविरुद्ध पुस्तिका काढली व 'दीनबंधु'तून लेख लिहिले. एकाच जिल्ह्याचा, जवळजवळ एकाच काळाचा हा मजकूर. दोन्ही शेजारी ठेवून वाचावे.

सालांची अडचण सर्वांत मोठी. म्हाताऱ्या माणसांना "कोणत्या साली?" असे विचारणे व्यर्थ. त्यांना विचारावे, "भूकंपाच्या आधी की नंतर?" कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झाला. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या भागात तो विसरणारे माणूस आम्हांस भेटले नाही. मुंबईत नोकरीला असलेल्यांना गोदीचा स्फोट विचारावा, तो १४ एप्रिल १९४४ चा. गिरणीतल्यांना संप विचारावा, तो १८ जानेवारी १९८२ पासूनचा. अशा खुंट्यांवर आठवणी टांगल्या की साल आपोआप हाती येते.

आता एक प्रसंग थोडा सविस्तर सांगतो. १९२९ च्या एप्रिलमध्ये चिपळूणला परिषद झाली व तिला बाबासाहेब आले होते. वाडीतील नव्वदीच्या एका आजीने सांगितले की तिचे वडील चालत चिपळूणला गेले होते आणि तिच्या थोरल्या भावाला त्यांनी खांद्यावर नेले होते. आजी तेव्हा जन्मलेली नव्हती. आईकडून ऐकलेली गोष्ट. आम्ही शाळेचे रजिस्टर पाहिले. भावाची जन्मतारीख १ जून १९३०! म्हणजे परिषदेनंतरची. आम्ही मोठ्या तोऱ्यात रकान्यात लिहिले, "आठवण चुकीची." मग त्याच पानावर नीट पाहिले तर अकरा मुलांचा जन्म १ जूनचा. गुरुजी दाखल्याच्या वेळी अंदाजाने तारीख घालीत, हे आपल्या घरोघरच्या दाखल्यांवरून ठाऊक असूनही आम्ही विसरलो होतो.

शेवटी कोतवाल बुकाचे उतारे काढले. जन्माच्या त्या नोंदींत मुलाचे नाव नव्हते. बापाचे नाव आणि 'मुलगा' एवढेच. आजीच्या वडिलांच्या नावे दोन मुलगे मिळाले, एक १९२६ चा व एक १९३० चा. आम्ही आजीला विचारले, तुम्हांला भाऊ किती? म्हणाली, एकच. मग १९२६ ची नोंद वाचून दाखविली. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "मग तो आधीचा असंल. आई सांगायची, एक गेला म्हणून. त्याचंच नाव मागच्याला ठेवलं."

म्हणजे रजिस्टरही फारसे खोटे नव्हते व आजीची आठवणही खोटी नव्हती. चिपळूणला गेलेला मुलगा दुसराच असावा. हा आमचा तर्क आहे व तो तिसऱ्या रकान्यातच लिहिला आहे. 'आठवण चुकीची' ही ओळ खोडली, पण वाचता येईल अशी खोडली.

स्त्रियांना विचारल्याशिवाय हे काम होत नाही, हेही त्याच घरी उमगले. मीनाक्षी मून व ऊर्मिला पवार यांनी चळवळीतील स्त्रियांना गाठून, बोलते करून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. विद्यार्थ्यांनी ते जरूर वाचावे. ऊर्मिलाताई आपल्याच जिल्ह्यातील फणसवळ्याच्या. त्यांच्या आत्मकथनाचे (२००३) नावच 'आयदान'. सूप, रोवळी, टोपली, इरले, कणगी हे आपल्या माणसांनी विणले व त्यावर पोरांची शिक्षणे झाली. जुने सूप माळ्यावर दिसले तर विचारावे : बांबू कोणाच्या बेटातला, विणले कोणी, बदल्यात भात किती मिळे, आणि ते गिऱ्हाइकाच्या कोणत्या दाराशी नेऊन ठेवावे लागे? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जणी हसतात आणि मग बोलू लागतात.

एका मुद्द्यावर आमच्यात मतभेद झाले. दीक्षेनंतर घरोघरचे देव टोपलीत घालून नदीत सोडले गेले. त्याआधीचे नवस, कोंबड्या-बकऱ्यांचे बळी, गावच्या उत्सवात आपल्याकडे असलेली कामे, हे लिहावे की नाही? कमिटीतील काही ज्येष्ठ म्हणाले, जे सोडले ते पुन्हा कशाला उकरायचे, मुले हसतील. त्यांची भावना आम्ही समजू शकतो. तरीही आमचे मत लिहावे असेच आहे. बावीस प्रतिज्ञा आपण दरवर्षी म्हणतो. काय सोडले हे ठाऊक नसलेल्या मुलाला त्या नुसत्या पाठ येतात. एका आजोबांनी सांगितले की टोपली पाण्यात सोडल्यावर त्यांची आई घरी येऊन रिकाम्या देव्हाऱ्यापुढे बसून राहिली व दुसऱ्या दिवशी तिनेच त्या फळीवर बाबासाहेबांचा फोटो ठेवला. हे वगळून दीक्षेचा इतिहास कसा लिहावा? कमिटीने अखेर मान्यता दिली, मात्र घराची नावे न देण्याच्या अटीवर. ती अट योग्यच आहे. कोणाचीही आठवण मोबाइलवर घेण्यापूर्वी विचारावे व लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे.

हे काम प्राध्यापकांचे आहे असे समजून कोणी मागे राहू नये. बाबासाहेबांचे चरित्र लिहिणारे धनंजय कीर रत्नागिरीचे, मुंबई महापालिकेत नोकरी करणारे. त्यांचे इंग्रजी चरित्र १९५४ साली निघाले. चां. भ. खैरमोडे यांचा पहिला खंड १९५२ चा. आम्हांस रविवार व बँकेच्या सुट्ट्या एवढाच वेळ मिळतो. त्यात आतापर्यंत एकवीस घरे झाली.

राहिलेल्या घरांना विनंती की गणपती-दिवाळीच्या सुट्टीत पत्र्याच्या ट्रंका साफ कराल तेव्हा मनीऑर्डरच्या पावत्या, मुंबई मंडळाच्या वर्गणीच्या वह्या, जुन्या लग्नपत्रिका जाळू नयेत. आम्हांस कळवावे, आम्ही येऊन फोटो काढू व कागद तेथेच परत देऊ. आजीकडून अजून लग्नातील गाणी लिहून घ्यायची आहेत. तिला सकाळी बरे वाटते, म्हणून येत्या रविवारी आठ वाजता जाणार आहोत. विद्यार्थ्यांपैकी दोघांनी सोबत यावे. वही आम्ही आणू.